साडेपाच किलो : साठीकडे जाताना ठरवलेले एक उद्दिष्ट

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी माझे वजन ७८ किलो होते आणि उंची १५५ सेंटिमीटर. त्या वर्षीच्या तपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.२ टक्के आला. ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहपूर्व अवस्थेचा मानला जातो, त्यामुळे मी त्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात होते. रक्तदाब सीमेवर होता आणि उजव्या गुडघ्याची झीज क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसत होती. या तिन्ही तक्रारींवर सल्ला एकच मिळाला, वजन कमी करा. ते किती कमी करायचे, किती काळात करायचे आणि कमी झालेले टिकवायचे कसे, याबद्दल त्या सल्ल्यात काहीच नव्हते. माझ्या डॉक्टर आणि एक आहारतज्ज्ञ यांच्याबरोबर बसून या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात आणि त्यांतून एक आकडा ठरवण्यात बरेच आठवडे गेले. प्रत्यक्ष वजन कमी करण्याइतकेच महत्त्वाचे काम त्या आठवड्यांत झाले असे मी आज मानते, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

पहिला आकडा अर्थातच तक्त्यातून आला. बीएमआय, म्हणजे किलोंतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, २५ च्या आत आणायचा तर माझ्या उंचीला वजन ६० किलोंच्या खाली हवे. म्हणजे १८ किलो, माझ्या तेव्हाच्या वजनाच्या जवळजवळ तेवीस टक्के, कमी करायला हवेत. आशियाई वंशाच्या लोकांसाठी धोक्याची पातळी २३ पासून धरावी असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये सुचवले होते. तो निकष लावला तर उद्दिष्ट ५५ किलोंवर जाते. या आकड्यांकडे मी दुर्लक्ष केले नाही, परंतु ते कशासाठी तयार झाले हे डॉक्टरांनी समजावून सांगितले तेव्हा त्यांचे वजन माझ्या मनात कमी झाले. हे गुणोत्तर एकोणिसाव्या शतकात आदोल्फ केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने लोकसमूहांचा अभ्यास करताना मांडले आणि त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी दिले. मोठ्या समूहातील धोक्याचा अंदाज त्यावरून चांगला येतो. एका विशिष्ट स्त्रीच्या शरीरात स्नायू किती, चरबी किती आणि ती चरबी कुठे साठली आहे, हे मात्र त्यातून कळत नाही. पासष्टीनंतरच्या लोकांच्या अभ्यासांत तर सर्वांत कमी मृत्युदर ‘आदर्श’ पट्ट्याच्या खालच्या टोकाला आढळत नाही, तो बराच वर, बीएमआय २५ च्या आसपास आणि त्याही पुढे आढळतो. ज्या वयाकडे मी चालले आहे त्या वयासाठी ५५ किलोंचा आग्रह धरण्यास त्यामुळे फारसा आधार उरत नव्हता.

दुसरा आकडा घरातून आला. माझी मोठी बहीण म्हणाली, “अगं, तिशीत तू चोपन्न किलोंची होतीस. तेवढ्यावर ये, म्हणजे झालं.” तिचा हेतू प्रेमाचा होता आणि असा आकडा बहुतेक जणींच्या मनात असतोच. मी तो डॉक्टरांपुढे ठेवला तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, “ताई, त्या वेळचे स्नायू आणि त्या वेळची हाडे तुमच्याकडे आज आहेत का?” तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर ही घट वाढते. म्हणजे सत्तावन्नाव्या वर्षी चोपन्न किलो वजन झाले तरी ते तिशीतले शरीर नसते. तेवढ्याच वजनात चरबी जास्त आणि ताकद कमी असते. हे उत्तर मला पूर्ण पटले.

आपल्या मनातले आकडे किती मोठे असतात याचा एक जुना अभ्यास मला या काळात वाचायला मिळाला. १९९७ मध्ये अमेरिकेत गॅरी फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थूलतेवर उपचार घेणाऱ्या साठ स्त्रियांना उपचारांपूर्वी विचारले होते की तुम्हाला किती वजन गाठायचे आहे. त्यांच्या उद्दिष्टांची सरासरी काढली तर स्वतःच्या वजनाच्या ३२ टक्के घट अपेक्षित होती. १७ किलो कमी झाले तर कसे वाटेल, या प्रश्नाला त्यांचे उत्तर ‘निराशा’ असे होते. वर्षभराच्या उपचारांत त्यांचे वजन सरासरी सोळा किलोंच्या आसपास कमी झाले. वैद्यकीय दृष्टीने हे उत्तम यश होते, तरीही त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्या जणींना स्वतःच्या मोजमापाने निराशेची पातळीदेखील गाठता आली नव्हती. हा अभ्यास वाचून मी फार अस्वस्थ झाले. एवढे कष्ट करून, एवढा फायदा मिळवूनही त्या स्त्रिया मनाने हरल्या होत्या, आणि त्याचे कारण त्यांच्या प्रयत्नांत नव्हते, सुरुवातीलाच ठरवलेल्या आकड्यात होते. अशी निराशा पुढचे प्रयत्न सोडून द्यायला पुरेशी असते.

मग खरा आकडा कुठून आणायचा? डॉक्टरांनी दिशा उलटी केली. कोणत्या वजनाला पोहोचायचे हे बाजूला ठेवून, कोणता धोका कमी करायचा आहे आणि त्यासाठी किमान किती घट पुरते, असे त्यांनी विचारायला शिकवले. साखरेच्या बाबतीत याचे उत्तर फार स्पष्ट आहे. अमेरिकेत झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना दोनच उद्दिष्टे दिली होती : वजनात सात टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम. सुमारे तीन वर्षांत या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले. साठ आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांमध्ये तर ते ७१ टक्क्यांनी कमी राहिले, म्हणजे उतारवयाच्या गटाला फायदा इतरांपेक्षा अधिकच झाला. ‘आता या वयात काय होणार’ असे ज्यांना वाटते त्यांनी हा एक आकडा जरूर लक्षात ठेवावा.

गुडघ्याचे गणितही असेच दिलासा देणारे निघाले. गुडघ्याची झीज झालेल्या ज्येष्ठांच्या चालण्याची मोजमापे घेऊन संशोधकांनी दाखवले आहे की शरीराचे एक किलो वजन कमी झाले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. पाच किलो घटले तर प्रत्येक पावलाला वीस किलो, आणि दिवसभरात माणूस हजारो पावले टाकतो. रक्तदाबासाठी पाच ते दहा टक्क्यांची घट उपयोगी पडते. तिन्ही तक्रारी एकत्र ठेवल्यावर सात टक्के हा आकडा समोर आला. माझ्या ७८ किलोंचे सात टक्के म्हणजे साधारण साडेपाच किलो, आणि पोहोचायचे वजन साडेबहात्तर. तक्त्याच्या हिशोबाने मी त्यानंतरही स्थूलच गणले जाणार होते. तरीही मी ते उद्दिष्ट स्वीकारले.

त्याच बैठकीत कंबरेचा घेर हे दुसरे माप ठरले, आणि माझ्या मते पाळी गेलेल्या स्त्रीसाठी ते वजनापेक्षाही बोलके आहे. रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि पूर्वी मांड्या व नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे, विशेषतः पोटातील अवयवांभोवती, साठू लागते. साखर आणि हृदय या दोहोंच्या दृष्टीने हीच चरबी अधिक घातक असते. वजन तेच राहूनही कपडे कंबरेत घट्ट होतात ते यामुळे. घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा, हा एक सोपा निकष आहे. माझ्यासाठी तो साडेसत्त्याहत्तर सेंटिमीटर होतो आणि माझा घेर होता ९८. साडेसत्त्याहत्तर हे माझे उद्दिष्ट झाले नाही, ती फक्त दिशा ठरली, आणि पहिल्या टप्प्यासाठी ९३ हा आकडा लिहिला.

या टप्प्यावर माझ्या मनातला एक समज दूर झाला, तोही सांगते. चाळिशीनंतर चयापचय मंदावतो आणि म्हणून वजन वाढते, असे आपण सर्वच जणी ऐकत आलो आहोत. २०२१ मध्ये हर्मन पॉन्टझर आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी हजारो लोकांच्या ऊर्जाव्ययाची मोजमापे एकत्र करून दाखवले की शरीराचा आकार आणि स्नायूंचे प्रमाण लक्षात घेतले तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळजवळ स्थिर असतो आणि साठीनंतर तो वर्षाला सुमारे ०.७ टक्क्याने घटू लागतो. माझ्या पन्नाशीत वाढलेल्या वजनामागे मग काय होते? स्नायूंची घट, कमी झालेली हालचाल आणि रात्री वारंवार घामाने मोडणारी झोप. झोप अपुरी पडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, हे मी अनुभवाने जाणत होते. ही तिन्ही कारणे अशी आहेत की त्यांवर काहीतरी करता येते, आणि हे कळल्यामुळे माझा उत्साह वाढला. थायरॉइडची तपासणीही झाली, ती ठीक निघाली. मी कोणतेही औषध घेत नव्हते, परंतु ज्यांचे इन्सुलिन, स्टेरॉइड, काही नैराश्यविरोधी औषधे किंवा रक्तदाबासाठीची बीटा-ब्लॉकर औषधे चालू आहेत त्यांनी उद्दिष्ट ठरवण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलले पाहिजे. यांतील काही औषधांनी वजन वाढते. आणि वजन कमी होऊ लागले की साखरेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्राही कमी करावी लागू शकते, नाहीतर चक्कर येण्याचा किंवा साखर एकदम उतरण्याचा धोका असतो.

आकड्यानंतर वेगाचा प्रश्न होता. आठवड्याला अर्धा ते एक किलो, असा वेग सर्वत्र सुचवला जातो. त्या हिशोबाने माझे साडेपाच किलो दोन-तीन महिन्यांतच कमी झाले असते. माझ्या आहारतज्ज्ञांनी या वेगाला स्पष्ट नकार दिला. त्या मुद्द्यावर आमचे बोलणे सर्वांत जास्त वेळ चालले, कारण पन्नाशीच्या उत्तरार्धातल्या स्त्रीसाठी सर्वांत मोठी जोखीम तिथेच आहे. वजन कमी होते तेव्हा केवळ चरबी जात नाही. व्यायामाची जोड नसेल तर घटलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाचा असू शकतो, आणि खुब्याच्या हाडाची घनताही काही प्रमाणात कमी होते. तरुणपणी हे नुकसान भरून निघते. पाळी गेल्यानंतर हाडे आधीच झपाट्याने विरळ होत असतात आणि गेलेला स्नायू परत मिळवायला फार कष्ट पडतात. त्यात पुन्हा वजन वाढले तर वाढणारा भाग मुख्यतः चरबीचा असतो. वजन घटवणे आणि वाढणे असे फेरे दोन-तीनदा झाले तर वजनकाटा तोच आकडा दाखवतो आणि शरीर मात्र प्रत्येक वेळी अधिक दुबळे झालेले असते. हाडांची घनता मोजणाऱ्या माझ्या डेक्सा तपासणीत ती कमी होण्याची सुरुवात झालेली दिसली होती, त्यामुळे घाईला जागाच नव्हती. आम्ही महिन्याला एक किलोच्या आसपास घट धरली आणि मुदत सहा महिन्यांची ठेवली.

एक किलो चरबी म्हणजे ७७०० कॅलरी, म्हणून रोज अमुक कॅलरी कमी केल्या की अमुक दिवसांत अमुक किलो, हे गणित मीही मांडून पाहिले होते. त्याचे मूळ १९५८ मधल्या एका शोधनिबंधात आहे आणि थोड्या काळासाठी ते ठीक चालते. पुढे शरीर हलके होते तसा त्याचा खर्चही कमी होतो, त्यामुळे तोच आहार दर महिन्याला कमी कमी फळ देतो. केव्हिन हॉल यांच्यासारख्या संशोधकांनी हे बदलते गणित नंतर नीट मांडले आहे. उतरती रेघ सरळ नसून हळूहळू सपाट होणार, हे मला सुरुवातीलाच माहीत होते, आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला.

आहारात मोठी उलथापालथ केली नाही. प्रथिने मात्र मोजून वाढवली. वाढत्या वयात किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत असे तज्ज्ञ सुचवतात, आणि माझ्या आहारात ती बरीच कमी होती. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. व्यायामात आठवड्याला १५० मिनिटे चालणे आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम ठरले. वजने उचलण्याची मला भीती वाटत होती, म्हणून काही काळ फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली शिकले. २०१७ मध्ये डेनिस व्हिलारियाल यांच्या गटाने पासष्टीपुढच्या स्थूल लोकांवर केलेल्या प्रयोगात वजन कमी करताना चालण्यासारखा व्यायाम आणि ताकदीचा व्यायाम दोन्ही करणाऱ्यांची शारीरिक क्षमता सर्वांत जास्त सुधारली होती. हे वाचल्यावर ताकदीचा व्यायाम ऐच्छिक राहिला नाही. आणखी एक उद्दिष्ट मी त्यातूनच जोडले : हातांचा आधार न घेता खुर्चीतून सलग दहा वेळा उठणे. सुरुवातीला मला ते जमत नव्हते.

अशा रीतीने एका पानावर सर्व उतरले. त्या पानावरच्या गोष्टी दोन प्रकारच्या होत्या. चालणे, ताकदीचे व्यायाम, प्रथिने आणि झोपेची वेळ माझ्या हातात होती. वजन, घेर आणि साखर हा त्यांचा परिणाम होता, आणि परिणामावर माझी थेट सत्ता नव्हती. आठवड्याच्या शेवटी मी पहिल्या गटाचा हिशोब स्वतःकडे मागत असे आणि दुसऱ्या गटाची फक्त नोंद करत असे. ज्या स्त्रिया काट्यावरच्या आकड्याने दिवसाची मनःस्थिती ठरू देतात त्यांना मी कळकळीने सांगेन की पाणी, मीठ आणि पोटातील अन्न यांमुळेच वजन एक-दोन किलोंनी वरखाली होऊ शकते. मी सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी काढत असे आणि तुलना सरासरीची सरासरीशी करत असे.

पहिल्या पंधरवड्यात काटा भराभर उतरला. त्यातला मोठा भाग पाण्याचा असतो हे माहीत असल्याने मी मुदत अलीकडे आणली नाही. पुढे गती ठरल्याप्रमाणे राहिली आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास वजन हलेनासे झाले. आहार आणखी कमी करावा असा मोह त्या काळात झाला. आहारतज्ज्ञांनी घेर मोजायला लावला, तेव्हा तो उतरतच होता, आणि उचलायची वजनेही मी वाढवू शकले होते. म्हणून आहार तोच ठेवला आणि मुदत वाढवली. मुदत वाढवणे हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. साडेपाच किलो सहा महिन्यांत झाले काय आणि आठ-नऊ महिन्यांत झाले काय, गुडघ्याला आणि साखरेला त्याने फरक पडत नाही. हाडांना मात्र उपासमारीने नक्की फरक पडतो.

याच दरम्यान माझ्या जावेने वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांविषयी विचारले. त्यांतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन घटले होते, आणि औषध थांबवल्यानंतरच्या वर्षात त्यातले सुमारे दोन तृतीयांश परत आले होते. मी हा पर्याय डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलले. माझे उद्दिष्ट सात टक्क्यांचे आहे आणि साखर अजून मधुमेहाच्या पट्ट्यात गेलेली नाही, म्हणून आम्ही तो तूर्त घेतला नाही. ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांचे वजन फार जास्त आहे त्यांच्यासाठी उत्तर वेगळे असू शकते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

आठव्या महिन्याच्या अखेरीस आठवड्याची सरासरी ७२.६ किलो आली. घेर ९१ सेंटिमीटर झाला, म्हणजे ठरवल्यापेक्षाही कमी. सरासरी साखर ५.८ वर आली, मधुमेहपूर्व पट्ट्याच्या अगदी खालच्या कडेला. रक्तदाब सीमेखाली आहे. गुडघा बरा झाला नाही, झीज भरून येत नसतेच, पण जिने उतरताना पूर्वी कठड्याला धरावे लागे, तसे आता रोज लागत नाही. खुर्चीतून मी हातांच्या आधाराशिवाय सलग दहा वेळा उठते.

यानंतरचे उद्दिष्ट वजन कमी करण्याचे नाही, टिकवण्याचे आहे, आणि ते पहिल्याइतकेच विचारपूर्वक लिहिले आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात वजन घटवल्यानंतर वर्षभरानेही भूक वाढवणाऱ्या संप्रेरकांतील बदल टिकून असल्याचे दिसले होते. म्हणजे वाढलेल्या भुकेचा अर्थ मनोनिग्रह सुटला असा लावू नये, शरीर गेलेले वजन परत मागत असते. शिवाय या वयात काहीच केले नाही तर वर्षाला अर्ध्या किलोच्या आसपास वाढ होतच असते, त्यामुळे वजन आहे तिथे राहणे हीसुद्धा कमाईच आहे. एका आकड्याऐवजी आम्ही ७१.५ ते ७४ किलो असा पट्टा ठरवला आहे. आठवड्याची सरासरी सलग तीन आठवडे ७४ च्या वर राहिली तर पुन्हा आहाराची नोंद सुरू करायची आणि आहारतज्ज्ञांना भेटायचे. ७१.५ च्या खाली प्रयत्नाशिवाय गेली तर ते आनंदाचे न मानता डॉक्टरांना दाखवायचे, कारण वाढत्या वयात विनाकारण घटणारे वजन आजाराचे लक्षण असू शकते.

आणखी तीन किलो कमी करण्याचा दुसरा टप्पा घ्यावा का, यावर डॉक्टरांचे आणि माझे बोलणे चालू आहे. घेर अजून उंचीच्या निम्म्यापेक्षा बराच जास्त आहे, म्हणून त्या अनुकूल आहेत. मी आधी सहा महिने याच पट्ट्यात राहून दाखवायचे आणि त्यानंतर डेक्सा तपासणी पुन्हा करायची असे सुचवले, आणि त्यांनी ते मान्य केले. खुब्याच्या हाडाची घनता टिकून असेल तरच दुसरा टप्पा सुरू होईल.